टेस्ट शून्य दाखवते, मग हे शेवाळ खातंय काय?

नमस्कार. तुमचा प्रश्न दोनदा वाचला आणि फोटोही मोठे करून पाहिले. बाकीच्यांना संदर्भ लागेल म्हणून आधी तुमची परिस्थिती थोडक्यात मांडतो. वाळवा तालुक्यात घर, घरचा बोअर. खाऱ्या पाण्याची टाकी चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच, चालू होऊन सात महिने झाले. मासे चार: दोन क्लाऊनफिश, पिवळ्या शेपटीची एक डॅमसेल, एक ब्लेनी. कोरल, म्हणजे जिवंत प्रवाळ, नाहीत. एकाने टाकी मोडली तेव्हा त्याच्याकडून चुनखडीचा जुना, वाळलेला रॉक घेतला, तोच लावलाय. दुसऱ्या महिन्यात तपकिरी थर आला आणि आपोआप गेला. चौथ्या महिन्यापासून दगडांवर हिरवं केसाळ शेवाळ आहे. तीन दिवस अंधार करून झाला, दुकानातलं शेवाळनाशक एकदा घालून झालं, दर आठवड्याला निम्मं पाणी बदलताय. शेवाळ ज्यावर पोसतं ते नायट्रेट टेस्टमध्ये शून्य, फॉस्फेटही शून्य. आणि प्रश्न असा, की आता कोणतं औषध घालू?

औषध नको. तुम्ही विचारताय शेवाळ मारायचं कसं, पण खरा प्रश्न आहे की त्याला खायला कुठून मिळतंय. मी सांगली-मिरजेत एकोणीस वर्षं टाक्या बसवतो आणि सांभाळतो. हिरव्या केसाळ शेवाळाची जेवढी घरं पाहिली तेवढ्या ठिकाणी गोष्ट एकच होती. खाणं टाकीत येत होतं, आणि ते बाहेर काढायची सोय अपुरी होती.

शून्य आकड्याचा गोंधळ आधी सोडवू. टेस्ट किट मोजतं ते पाण्यात शिल्लक राहिलेलं नायट्रेट. शेवाळाने खाऊन टाकलेलं त्यात येत नाही. दगड पूर्ण हिरवे असतील तर पाण्यात पडेल ते दिवसभरात शेवाळाच्या पोटात जातं आणि पाणी कागदावर स्वच्छ दिसतं. म्हणजे तुमचं नायट्रेट टाकीत आहेच, फक्त ते दगडावर हिरव्या रंगात उभं आहे. दुसरं कारण किटमध्येच असू शकतं. नायट्रेटच्या बऱ्याच किटमध्ये दुसऱ्या बाटलीतलं रसायन तळाशी बसतं. ती बाटली अर्धा मिनिट जोरात हलवली नाही, तर खोटं शून्य येतं. फॉस्फेटच्या स्वस्त किटमध्ये ०.२५ पीपीएमच्या (म्हणजे लिटरला ०.२५ मिलिग्रॅमच्या) खालचा रंग डोळ्यांना ओळखूच येत नाही, आणि शेवाळाला तेवढंही पुष्कळ होतं.

आता खाणं येतं कुठून? तुमच्या बाबतीत मला तीन वाटा दिसतात. मासे, पाणी आणि तो जुना रॉक.

माशांपासून सुरू करू. तुमच्या टाकीचं माप गुणलं तर २५० लिटर येतं, दगड-वाळू वजा करून खरं पाणी धरू २०० लिटर. कोरड्या पेलेटमध्ये साधारण एक टक्का फॉस्फरस असतो. एक ग्रॅम पेलेट घातलं की १० मिलिग्रॅम फॉस्फरस आत गेला, त्याचं फॉस्फेट होतं ३० मिलिग्रॅम. २०० लिटरला भागलं की ०.१५ पीपीएम. पेलेटमध्ये ४५ टक्के प्रथिनं धरली तर तेवढ्याच एका ग्रॅमातून नायट्रेट दीड पीपीएमच्या आसपास तयार होऊ शकतं. यातला काही भाग माशांच्या अंगी लागतो, काही स्किमर (फेस करून घाण बाहेर काढणारं यंत्र) ओढतो, बाकीचं टाकीतच राहतं. तुम्ही लिहिलंय, ‘चिमूटभर, दिवसातून तीनदा, घरातले सगळे घालतात.’ ती चिमूट एकदा सोनाराच्या नाहीतर स्वयंपाकघरातल्या छोट्या काट्यावर मोजा. तीन माणसांच्या तीन चिमटी मिळून दीड ग्रॅम सहज भरतात. चार लहान माशांना दिवसाला अर्धा ग्रॅमही खूप झाला. खाणं एकाच माणसाने घालायचं, आणि मिनिटभरात संपेल एवढंच. तळाला एकही दाणा पोचता कामा नये.

पाणी ही दुसरी वाट, आणि आपल्या ऊसपट्ट्यात मला तिचीच सगळ्यात जास्त काळजी वाटते. युरिया उसाला घालतात, पाटपाण्याबरोबर तो जमिनीत मुरतो आणि नायट्रेट होऊन बोअरमध्ये उतरतो. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची भारतीय मानकाची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. म्हणजे पिण्यालायक ठरलेल्या पाण्यातही समुद्री टाकीच्या दृष्टीने भरपूर नायट्रेट असू शकतं. शिवाय आपला सगळा काळा दगड, म्हणून भूजलात सिलिका असते. दुसऱ्या महिन्यात आलेला तुमचा तपकिरी थर डायटम या सूक्ष्म शेवाळाचा होता, आणि डायटमला सिलिका लागतेच.

तुम्ही म्हणाल, मी तर आरओचं पाणी वापरतो. बरोबर, पण स्वयंपाकघरातला आरओ माणसांसाठी बनवलेला आहे. चवीसाठी त्यात टीडीएसचा, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा, व्हॉल्व्ह असतो. तो थोडं न गाळलेलं पाणी परत मिसळतो. काहींमध्ये वर खनिजांची कांडीही असते. हे सगळं बंद केलं तरी हिशेब बघा. बोअरचा टीडीएस १२०० असेल आणि आरओचा गाळणारा पडदा (मेम्ब्रेन) ९५ टक्के क्षार अडवत असेल, तरी ६० उरतात. आणि बाकीच्या क्षारांच्या मानाने नायट्रेट या पडद्यातून जास्त सुटतं. उन्हाळ्यात पंखा लावून उघड्या टाकीतून रोज तीन लिटर पाणी उडून जातं. वाफ जाते ती शुद्ध पाण्याची, क्षार मागेच राहतात. तुम्ही भर घालता त्या तीन लिटरमध्ये लिटरला २० मिलिग्रॅम नायट्रेट असेल तर रोज ६० मिलिग्रॅम आत गेलं. २०० लिटरमध्ये महिन्याला नऊ पीपीएम, माशांना एक दाणाही न घालता! आणि दर आठवड्याला निम्मं पाणी बदलताना याच पाण्यात मीठ कालवत असाल, तर शेवाळ धुतलं जातच नाही, त्याला ताजं ताट वाढलं जातं. एवढं पाणी बदलूनही फरक का पडत नाही, याचं माझ्या मते हे मुख्य कारण आहे.

उपाय महाग नाही. टीडीएस मीटर दोन-तीनशे रुपयांत मिळतो. आरओवाल्याला बोलावून पडद्यातून थेट, व्हॉल्व्हच्या आधी, एक वेगळी नळी काढून घ्या. तिच्यापुढे डीआय रेझिनची, म्हणजे उरलेले क्षार धरून ठेवणाऱ्या दाण्यांची, कांडी बसवा. मशीन सुरू झाल्यावर पहिली काही मिनिटं टीडीएस जास्त असतो, तेवढं पाणी भांड्यांना वापरा. कांडीतून येणारा आकडा शून्य हवा. एक दिसायला लागला की रेझिन बदला, दहा होईपर्यंत थांबू नका. रेझिन थकलं की सगळ्यात आधी सिलिका सोडायला लागतं, आणि साधा मीटर सिलिका दाखवतही नाही. टाकीत परत तपकिरी थर दिसला तर पहिला संशय कांडीवर घ्या.

रत्नागिरीहून समुद्राचं पाणी कॅनमधून आणलं तर चालेल का, असंही तुम्ही विचारलंय. ऑक्टोबर उलटल्यावर, खाडीच्या तोंडापासून आणि बंदरापासून लांब, भरती पूर्ण असताना भरलं तर चालतं. पावसाळ्यात अजिबात नको, नद्यांचा गाळ आणि शेतातलं खत किनाऱ्याला लागलेलं असतं, खारटपणाही उतरलेला असतो. फिनेल किंवा तेल ठेवलेला कॅन कितीही धुतला तरी घेऊ नका. एवढं सांभाळण्यापेक्षा मला मीठ कालवणं सोपं वाटतं. ४० लिटरला सुमारे दीड किलो मरीन सॉल्ट, घनता १.०२५.

तिसरी वाट रॉक. इथे मला खात्री नाही, पण संशय दाट आहे. चुनखडीचा दगड फॉस्फेट धरून ठेवतो. त्या गृहस्थांनी टाकी का मोडली ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण वर्षानुवर्षं भरपूर खाणं पडलेल्या टाकीतला रॉक असेल तर तो फॉस्फेटने भरलेला असणार. पाण्यातलं फॉस्फेट कमी झालं की दगड आपल्यातलं सोडतो, म्हणून पाणी बदलून आकडा दोन दिवस खाली जातो आणि परत वर येतो. याची परीक्षा घरी होते. शेवाळ घासून काढलेला एक दगड घ्या. शून्य टीडीएसच्या पाण्यात ताजं मीठ कालवून बादलीत तो बुडवा, छोटा पंप सोडा, झाकण लावून अंधारात आठवडाभर ठेवा. मग त्या पाण्याचं फॉस्फेट मोजा. शेवाळाला उजेड नाही, मासा नाही, खाणं नाही, तरी आकडा चढला तर तो दगडातूनच आला. मग दर आठवड्याला एक-दोन दगड असेच बादलीत ठेवून पाणी बदलत राहायचं, किंवा टाकीत फॉस्फेट शोषून घेणारे फेरिक ऑक्साइडचे दाणे वापरायचे. दोन्ही महिन्यांची कामं आहेत.

पुढे रॉक घ्यायचा झाला तर माणसाने बनवलेलाच घ्या. समुद्रातले टणक प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. किनाऱ्यावरून मेलेलं प्रवाळ उचलून आणणं किंवा कुणी विकतोय म्हणून घेणं यात पडू नका.

फेरिक ऑक्साइडबद्दल एक इशारा द्यायलाच हवा, कारण ती चूक मी स्वतः केलीय. मिरजेत एका डॉक्टरांच्या दवाखान्यात तीन फुटी टाकी होती आणि तुमच्यासारखंच शेवाळ होतं. मी घाई केली. दाणे दुप्पट घातले, खाणं जवळजवळ बंद केलं, वर कार्बनही लावला. महिन्यात दगड पांढरे झाले आणि टेस्टमध्ये खरोखरचं शून्य आलं. पंधरा दिवसांनी वाळूवर तपकिरी, चिकट लाळेसारखे धागे दिसले, प्रत्येक धाग्याच्या टोकाला हवेचा बुडबुडा. रात्री कमी व्हायचे आणि दुपारपर्यंत परत. मग शंख मरायला लागले. डॉक्टरांनी त्यातला थेंब त्यांच्याच पॅथॉलॉजीच्या मायक्रोस्कोपखाली धरला. थेंबाच्या आकाराच्या पेशी एका जागी खिळल्यासारख्या गरगर फिरत होत्या. ते डायनोफ्लॅजेलेट नावाचे सूक्ष्म एकपेशीय जीव होते, त्यातले ऑस्ट्रिऑप्सिस. टाकीतलं खाणं पूर्ण संपलं की त्यांच्याशी स्पर्धा करणारं साधं शेवाळ आणि जीवाणू उपाशी मरतात आणि रान यांना मोकळं मिळतं. पाणी बदलणं थांबवून, नायट्रेट मुद्दाम पाचवर आणून आणि यूव्ही दिवा (अतिनील किरणांचा) लावून ती टाकी सावरायला तीन महिने गेले. ते शंख माझ्या घाईने गेले, याचं मला अजून वाईट वाटतं. म्हणून तुम्हाला कळकळीने सांगतो, शून्य हे ध्येय ठेवू नका. फक्त मासे असलेल्या टाकीत नायट्रेट ५ ते १५ आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएम असलं की मी निश्चिंत असतो. दाणे सांगितलेल्या मात्रेच्या पाव भागापासून सुरू करा.

हे झालं आत येणाऱ्याचं. आता बाहेर काढायचं, आणि इथे हाताला पर्याय नाही. तुमचा तीन दिवसांचा अंधार का फसला? लाल थराचे सायनोबॅक्टेरिया अंधाराने खचतात, केसाळ शेवाळ तीन दिवसांत फक्त फिकं पडतं. आणि जे थोडं मेलं ते टाकीतच कुजलं, म्हणजे त्याने खाल्लेलं सगळं पाण्याला परत मिळालं. शेवाळनाशकाचंही तेच. त्यात तांबं होतं का ते बाटलीवर आधी वाचा. असेल तर तांब्याची टेस्ट करून आकडा शून्य येईपर्यंत शंख-कोळंबी टाकीत सोडू नका. तांबं दगडात शिरून बसतं, आणि त्यांना अगदी थोडंही मारक ठरतं.

माझी पद्धत अशी. पाणी बदलायच्या दिवशी पंप बंद करायचे. १२ मिलिमीटरची पारदर्शक नळी घ्यायची आणि तिच्या तोंडाला जुना टूथब्रश रबराने बांधायचा, ब्रशचे केस नळीच्या तोंडापुढे अर्धा इंच येतील असा. नळीने पाणी खाली बादलीत ओढलं जात असताना ब्रश झुपक्यात खुपसून चमच्याला शेवया गुंडाळाव्यात तसा फिरवायचा आणि मुळापासून ओढायचा. तुटलेले तुकडे तिथल्या तिथे नळीत जातात, टाकीभर पसरत नाहीत. पहिल्या वेळी एक झुपका पांढऱ्या कपात टाकीच्या पाण्यात हलवून बघा. पाणी चहासारखं होईल. तो सगळा गाळ आहे, माशांची विष्ठा आणि न खाल्लेलं अन्न. शेवाळाचे केस हा गाळ गाळून स्वतःच्या मुळाशी धरून ठेवतात. म्हणून पाणी स्वच्छ असूनही झुपका पोसला जातो, आणि म्हणूनच आठवड्याला मूठभर शेवाळ हाताने काढणं हे नुसत्या निम्म्या पाणीबदलापेक्षा जास्त काम करतं. पाणी तेवढं ४० लिटर बदलायचं.

सुटे निघणारे दगड बाहेर काढून, टाकीतूनच काढलेल्या पाण्याच्या बादलीत घासा. फार चिवट जागेवर हायड्रोजन पेरॉक्साइड चालतं. आपल्याकडे मेडिकलमध्ये मिळतं ते बहुधा सहा टक्क्यांचं असतं, त्यात तेवढंच आरओचं पाणी घालून तीन टक्के करा. हातमोजे घाला. दगड पाण्याबाहेर असताना ब्रशने लावा, दोन मिनिटं थांबा, बादलीत खळबळून घ्या आणि परत ठेवा. टाकीत ओतायचं नाही. एका वेळी एक-दोन दगडच घ्या, दगडातले उपयोगी जीवाणूही त्याने मरतात.

बाकीच्या गोष्टी पटकन सांगतो. लाईट सहा तास पुरे, कोरल नाहीत तर माशांना जास्त लागत नाही. फोटोत पूर्वेच्या खिडकीचं ऊन टाकीच्या डाव्या बाजूवर पडलेलं दिसतंय आणि सगळ्यात दाट शेवाळ तिथेच आहे, पडदा लावा. फिल्टरचा स्पंज दर तीन-चार दिवसांनी धुवा, गाळ त्यात कुजला तर तो फिल्टर राहत नाही. पाणी घुसळणारा पंप, म्हणजे वेव्हमेकर, ताशी तीन-चार हजार लिटरचा हवा, आणि दगडामागे गाळ साचणार नाही असा फिरवून लावा. खाली संप, म्हणजे फिल्टरची वेगळी टाकी, असेल तर त्यात कीटोमॉर्फा हे चांगलं शेवाळ वाढवा. वरचा लाईट बंद असताना खालचा चालू ठेवा आणि दर पंधरवड्याला तिसरा हिस्सा काढून फेका. जे खाणं दगडावरचं शेवाळ खातं तेच इथे खाली खाल्लं जाईल आणि तुम्हाला ते सहज बाहेर काढता येईल.

शंख-खेकड्यांना मी शेवटी ठेवलंय, कारण सगळे त्यांच्यापासून सुरुवात करतात. लांब वाढलेले केस बहुतेक शंख खात नाहीत. ते खातात अर्ध्या सेंटिमीटरची नवी पालवी. आत्ता दहा सोडले तर उपाशी मरतील आणि त्यांच्या कुजण्याने शेवाळाचीच भर होईल. आधी हाताने दगड उघडे करा, मग तुमच्या टाकीला सहा-आठ लहान शेवाळखाऊ शंख बास. नॅसेरियस म्हणून विकतात ते वाळू उकरणारे, उरलेलं अन्न खाणारे आहेत, शेवाळ खात नाहीत. मोठे टर्बो मार्मोरेटस आणि ट्रोकस निलोटिकस वन्यजीव कायद्याच्या यादीत आहेत, विकणाऱ्याला जात विचारूनच घ्या. आणि शेवाळ खाईल म्हणून टँग मासा घेऊ नका, चार फुटांत तो कोंडतो.

सुरुवातीला काय करायचं याचा क्रम देतो, म्हणजे एकदम सगळं अंगावर येणार नाही. या आठवड्यात टीडीएस मोजणं, खाण्याचं वजन करणं आणि खिडकीला पडदा. पुढच्या आठवड्यात डीआय कांडी, ब्रश-नळीने पहिली सफाई आणि एका दगडाची बादलीतली परीक्षा. फेरिक ऑक्साइड त्या परीक्षेचा आकडा हातात आल्यावरच.

पहिले तीन आठवडे शेवाळ काढलं तेवढंच परत येईल, तेव्हा खचून दुकानात जाऊ नका. चौथ्या-पाचव्या आठवड्यात केसांचा गडद हिरवा रंग उतरून पिवळट होतो आणि ओढल्यावर ते तुटण्याऐवजी मुळासकट सुटतात. ती खूण दिसली की शंख आणा. काढलेले केस बारीक पिसासारखे, मधल्या दांड्याला दोन्हीकडे फांद्या असे दिसले तर मात्र ते ब्रायॉप्सिस आहे, त्याची वाट वेगळी. एक केस पांढऱ्या बशीत पसरून जवळून फोटो काढा आणि इथेच टाका. त्याच्याबरोबर बोअरचा आणि आरओच्या नळाचा टीडीएस, दोन्ही आकडे लिहा.